कातडं कुणाचं, कशिदा कुणाचा

खर्ड्याचा किल्ला बघायला आलेला माणूस हमखास दोन गोष्टी विचारतो. लढाई नेमकी कुठं झाली, आणि एवढ्याशा किल्ल्यात निजाम मावला कसा. दुसरा प्रश्न रास्त आहे. निंबाळकरांनी अठराव्या शतकाच्या मध्याला बांधलेला हा चौकोनी भुईकोट. तटावरून एक फेरी मारायला फार वेळ लागत नाही. 11 मार्च 1795 च्या लढाईत फौजेत गोंधळ उडाला आणि निजाम अलीखान याच तटाच्या आसऱ्याला आला. पुढचे दोन दिवस त्याच्या माणसांचे पाण्यावाचून हाल झाले असं सांगतात. मग तह, दौलताबादचा किल्ला, कोटींची खंडणी, आणि दिवाण मुशीरुल्मुल्क पुणेकरांच्या ताब्यात. शाळेत आपण एवढं शिकतो आणि पुढच्या धड्याकडे वळतो.

मला मात्र तिसराच प्रश्न पडत आला. पाणी नव्हतं म्हणजे नेमकं काय नव्हतं? विहिरी आटल्या होत्या, की विहिरीपासून माणसाच्या तोंडापर्यंत पाणी नेणारी पखाल पोचत नव्हती? मराठ्यांच्या बाजूला परशुरामभाऊ पटवर्धन, दौलतराव शिंदे, तुकोजी होळकर, नागपूरकर भोसले एवढ्यांच्या फौजा जमल्या होत्या. मार्चचं ऊन, बालाघाटाच्या उताराचा हा मुलूख. माणसांना पाणी लागत होतं, घोड्यांना त्याहून जास्त. पाणी यायचं म्हशीच्या कातड्याच्या पखालीतून. तूप बुधल्यात, तोही कातड्याचा. स्वाराचं किडुकमिडुक खुर्जीत, दाणागोटा बैलाच्या पाठीवरच्या गोणीत, सरदाराचं पत्र रेशमी खलित्यात. तोफा कुणी ओतल्या, कुणी डागल्या याची नावं आपल्याला पाठ असतात. पखाल शिवणाऱ्याचं एकही नाव आपल्यापर्यंत आलेलं नाही.

प्रस्तुत पुस्तक अशा पिशव्यांचं आहे. महाराष्ट्रातल्या फिरत्या आणि स्थिर लोकांनी सामान, अन्न, पाणी, देव आणि कागद ज्यात ठेवले त्या कातडी आणि कापडी पिशव्या. त्या कशा बनत, कोण बनवी, त्यांच्यावर नक्षी कुठं चढली आणि कुठं चढली नाही. विषय ऐकून काही मित्र हसले. पिशवीवर पुस्तक? पण आपली भाषा काही हसलेली नाही, तिनं पिशवी फार मनावर घेतली आहे. खलिता म्हणजे मुळात पत्र ठेवायची थैली. हळूहळू थैली गळून पडली आणि पत्रालाच लोक खलिता म्हणू लागले. दप्तराचं बरोबर उलटं झालं. दप्तर म्हणजे कागद, नोंदी, हिशेब. ते ज्यात बांधत त्या फडक्याला नाव चिकटलं आणि आज पोराच्या पाठीवरची पिशवी दप्तर झाली. मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसायचं कातड्याचं भांडं, आणि मोट म्हणजे गाठोडंही. म्हणून निवडणुका आल्या की पुढारी समविचारींची मोट बांधतात. कोथळा म्हणजे मोठी थैली, आणि कोथळा म्हणजे पोटही. अफजलखानाचा बाहेर आला तो हाच. 2024 च्या जुलैत लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली तेव्हा केवढी गर्दी झाली होती! नखाला मान मिळाला, हरकत नाही. थैलीची पाळी कधी येते ते बघायचं.

या विषयाकडे मी वळलो तो मात्र खर्ड्यातून नव्हे, फार लांबून. उत्तर अमेरिकेच्या गवताळ मैदानांतल्या लाकोटा लोकांच्या कातडी पिशव्यांची चित्रं एका मोठ्या ग्रंथात पाहिली आणि पहिल्यांदा वाटलं, हे कुणातरी आधुनिक चित्रकाराचं काम असणार. लाल, पिवळे, निळे, हिरवे त्रिकोण. मधे डमरूसारखे आकार. कडेनं बारीक रेघ. हे काम घरातल्या बायकांचं होतं. रानगव्यासारख्या दिसणाऱ्या बायसन या जनावराचं कातडं जमिनीवर खुंट्या ठोकून ताणायचं, आतलं मांस नि वरचे केस खरवडून काढायचे, आणि कातडं ओलं असतानाच त्यावर रंग भरायचा. रेघ सरळ यावी म्हणून विलोच्या सोललेल्या काड्यांची पट्टी. कुंचला सच्छिद्र हाडाचा. वर कातड्याच्याच खरवडीचा डिंक, म्हणजे रंग धरून राहतो. वाळलं की कातडं पाटीसारखं कडक होतं. मग चारी बाजू आत दुमडायच्या, पाकिटासारख्या, आणि वादीनं बांधायच्या. आत सुकवलेलं मांस, कपडे, औषधी मुळ्या. अशा पिशव्या जोडीनं करत, कारण घोड्याला दोन बाजू असतात.

या कडक पिशवीला फ्रेंच व्यापाऱ्यांनी पार्फ्लेश हे नाव दिलं. दुसरा प्रकार मऊ, कमावलेल्या कातड्याच्या पिशवीचा. दर्शनी बाजूला मण्यांची भरगच्च कलाकुसर, कडेला पत्र्याच्या बारीक नळ्या आणि त्यांतून लोंबणारी रंगवलेल्या घोड्याच्या केसांची झुबकी. ही तंबूच्या आत टांगायची. मणी येण्याआधी हे काम साळिंदराच्या पिसांनी होई: पिसं रंगवून, दातांनी चपटी करून, टाक्यानं बसवून. साळिंदरपिसांचं काम स्वप्नात आलेल्या एका दुहेरी स्त्रीनं आम्हाला शिकवलं असं लाकोटा बायका सांगत. पुरुष जसे लढाईतले पराक्रम मोजत, तशा बायका आपण केलेल्या कामांची मोजदाद ठेवत आणि तिला तेवढाच मान असे.

आपली चंची ज्यांनी वापरली आहे त्यांना पार्फ्लेशची घडी लगेच कळेल. चंचीही उलगडली की लांबलचक पट्टी असते. कप्प्याकप्प्यात पान, सुपारी, कात, तंबाखू, चुन्याची डबी, अडकित्ता. मिटली की मुठीत मावते, दोरी गुंडाळली की कमरेला. उघडी चंची एक वस्तू आणि मिटलेली चंची दुसरी. पार्फ्लेशची नक्षीही अशीच दोनदा बघावी लागते. कातडं सपाट असताना बाईनं जे रंगवलं, ते दुमडल्यावर अर्धं आत जातं आणि दोन झडपांवरची अर्धीमुर्धी चित्रं समोरासमोर येऊन तिसरंच चित्र तयार होतं. ती रंगवताना हे डोळ्यासमोर ठेवून रंगवत होती. भूमिती शाळेतच शिकावी लागते असं समजणाऱ्यांनी इथं जरा थांबावं.

या नक्षीचा अर्थ काय, यावर अभ्यासकांत शंभर वर्षं वाद चालला, आणि तो नवख्या वाचकाला माहीत असायला हवा, कारण आपल्याकडच्या कशिद्यावर बोलताना आपण त्याच खड्ड्यात पडतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला क्रोबर या अभ्यासकानं अरापाहो या जमातीकडे आणि विस्लरनं लाकोटांकडे जाऊन प्रत्येक आकाराचा अर्थ विचारला. हा त्रिकोण म्हणजे तंबू, ही रेघ म्हणजे वाट, हा डोंगर. नोंदवह्या भरल्या. मग लक्षात आलं की एकाच आकाराला एक बाई डोंगर म्हणते, दुसरी तंबू म्हणते, तिसरी म्हणते छान दिसतं म्हणून काढलं. फ्रांझ बोआसनं 1927 च्या आपल्या ग्रंथात यावरून मुद्दा काढला की आकार आधी येतो, अर्थ मागून चिकटतो, आणि तो हातागणिक बदलतो. लेस्ली स्पायरनं अर्थाचा नाद सोडून नुसत्या रचना मोजल्या: चौकट कशी विभागली, मधली पट्टी आहे की नाही, कोणत्या जमातीत काय आढळतं. आणि 1994 मध्ये गेलॉर्ड टॉरेन्सनं पार्फ्लेशवर मोठा ग्रंथ काढून सांगितलं की ही चित्रकला आहे, तिला अमूर्त चित्रांच्या परंपरेतच बघा. प्रतीकांचं घराणं, रचनेचं घराणं, कलेचं घराणं, अशी ही तीन. मला स्वतःला बोआसची बाजू जास्त पटते, पण त्यात एक उणीव राहते. छान दिसतं म्हणून काढलं असं सांगणाऱ्या बाईनं परक्या माणसाला खरं का सांगावं?

लाकोटांकडून परत आलो ते एक अडचण घेऊनच. तिथं कातडं नटलं. आपल्याकडे कातडं एवढं मुबलक, गुरांचा देश आपला, मग कातड्याची पिशवी आपल्याकडे साधी, काळी, बिननक्षीची का? पखालीवर कुणी फूल काढलेलं मी पाहिलं नाही. मोटेवर तर नाहीच. कवड्या, आरसे, रंगीत टाके, गोंडे हे सगळं वैभव कापडाला मिळालं: बैलाच्या झुलीला, बटव्याला, चंचीला, लमाणांच्या कोथळीला.

उत्तर शोधायला फार लांब जावं लागत नाही, गावकुसापर्यंत गेलं तरी पुरे. लाकोटांत कातडं सोलणारी, कमावणारी, रंगवणारी आणि त्यात आपलं घर भरणारी बाई एकच. आपल्याकडे या एका कामाचे चार तुकडे झाले आणि चारही तुकडे जातींना वाटून दिले. मेलेलं जनावर महारांनी ओढायचं, कातडं ढोरांनी कमावायचं, मोट-जोडा चांभारांनी शिवायचा, आणि वापरणारा शेतकरी वेगळाच. बलुत्याच्या हिशेबात कातडं होतं, माणुसकी नव्हती. मोटेचं पाणी पाटानं वाहत आलं की त्याला विटाळ नसे. बुधल्यातलं तूप चाले, कातड्यात बांधून आलेला हिंग सोवळ्याच्या आमटीत पडे. मोट शिवणाऱ्यानं मात्र त्याच विहिरीला हात लावायचा नाही. ज्या वस्तूला शिवलेल्या हाताची आठवण नको, तिच्यावर नक्षी कशी येणार? नक्षी म्हणजे हाताची सही. हा माझा तर्क आहे, पुस्तकातल्या सगळ्या लेखकांना तो मान्य नाही, आणि ते तसं पुढं लिहितीलच.

म्हणून या विषयावर गोड गळा काढून लिहिता येत नाही. पखाल गेली, मोट गेली, धावेवरची गाणी गेली, अशी हळहळ मराठीत भरपूर आहे. 1927 च्या मार्चमध्ये महाडला बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं आणि ती हीन ठरवलेली कामं सोडा असं सांगितलं, आणि गावोगाव लोकांनी ते मनावर घेतलं. त्यासाठी मार खाल्ला, बहिष्कार सोसले. एक कसब लोप पावलं त्यात हा स्वाभिमानही आहे. खर्ड्याच्याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात जन्मलेल्या दया पवारांचं ‘बलुतं’ 1978 मध्ये आलं; ते वाचल्यावर गावगाड्याचं चित्र रंगीत राहत नाही. आणि खर्ड्याबद्दल बोलताना 1795 पाशीच थांबणंही प्रामाणिक नाही. 2014 मध्ये एका दलित शाळकरी मुलाच्या हत्येनं या गावाचं नाव देशभर गेलं. किल्ल्याच्या फलकावर ते नाही, पण गावात कुणी ते विसरलेलंही नाही.

हे सांगून झाल्यावरच कसबाकडे वळावं, कारण कसब थोर होतं. ढोरांची पद्धत बघा. कातडं आधी चुन्याच्या पाण्यात मुरवायचं, केस सुटले की खरवडून काढायचं, धुवून घ्यायचं. मग कडा शिवून त्या कातड्याचीच पिशवी करायची आणि तिकाटण्यावर टांगायची. आत बाभळीच्या सालीचा चुरा, हिरडा आणि पाणी. पाणी कातड्यातून झिरपत खालच्या भांड्यात ठिबकत राहतं, ते पुन्हा वर ओतायचं. काही दिवसांनी पिशवी उलटी करून दुसऱ्या टोकानं टांगायची, म्हणजे वरचा भाग कच्चा राहत नाही. कातडं पखाल होण्याआधीच एकदा पखाल होऊन बघतं. जिथून थेंब जोरात पडतो तिथं कातडं पातळ आहे हे कमावणाऱ्याला तेव्हाच कळतं, आणि शिवणाऱ्यानं तो भाग कुठं घ्यायचा हे तिथंच ठरतं. याला प्रयोगशाळा म्हणायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

बुधल्याची तऱ्हा आणखी निराळी. डबगर मंडळी मातीचा साचा करत, त्यावर ओल्या कातड्याचे तुकडे एकावर एक डकवत, उन्हात वाळवत. कातडं खडखडीत झालं की आतली माती फोडायची आणि निमुळत्या तोंडातून झाडून काढायची. शिवण नाही, म्हणून गळती नाही. एका जुन्या वाड्याच्या माळ्यावर असा बुधला मला हातात घ्यायला मिळाला. वजनाला हलका, रंग जुन्या गुळासारखा, वाजवला तर लाकडासारखा बद्द आवाज. गळ्यापाशी बोटाच्या पेराएवढी दोरीची खूण, वर्षानुवर्षं तिथंच दोरी बसत असणार. तोंडाला नाक लावलं तर खवट तुपाचा वास अजून होता. घरातल्या कुणालाच तो कशाचा ते ठाऊक नव्हतं. त्यांनी त्यात सुतळीचे तुकडे ठेवले होते. अंगानं तेलकट, गोल माणसाला आपण तेलाचा बुधला म्हणतो, त्या विनोदातला बुधला आज कुणी पाहिलेला नसतो.

पखाल मात्र म्हणीत जिवंत आहे. दुखणं हाल्याला नि इंजेक्शन पखालीला, असं विधानसभेतही ऐकू येतं. हाल्या म्हणजे रेडा, त्याच्या पाठीवर पाण्यानं फुगलेली पखाल. म्हण मूळची डागणीची, नवीन काळात तिनं सुई घेतली. रेडा गेला, पखाल गेली, तरी दुखणं चालू आहे.

सगळं कातडं बिननक्षीचं राहिलं असं मात्र नाही, आणि अपवाद बोलके आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर लोकांनी कातड्याच्या बाहुल्या कोरल्या, रंगवल्या, दिव्यापुढं नाचवल्या. त्या परंपरेतल्या परशुराम गंगावणे यांना 2021 मध्ये पद्मश्री मिळाली. कोल्हापुरी चपलेवर वेणी आणि गोंडा आला. आणि तिसरा अपवाद जेजुरीचा. खंडोबाचा वाघ्या गळ्यात भंडाऱ्याची पिशवी अडकवतो, ती व्याघ्रचर्माची असावी अशी रीत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाघाचं कातडं बाळगणं गुन्हा झाला, तेव्हा बकऱ्याचं कातडं आलं, रेक्झिन आलं, वाघाचे पट्टे छापलेलं कापडही आलं. पिशवीचं काम तेच: हात आत जातो, चिमूट बाहेर येते, समोरच्याच्या कपाळाला लागते. भंडाऱ्यानं पिशवीचं तोंड इतकं पिवळं झालेलं असतं की मूळ कातडं कोणतं हे विचारायचं कारण उरत नाही. कातड्यावर देव बसला की विटाळ उठतो, हे आपल्या समाजाचं जुनं गणित. धनगरांच्या आणि खंडोबाच्या या जगावर गुंथर सोन्थायमर यांनी आयुष्य घातलं, रा. चिं. ढेरे यांनी खंडोबावर मूलभूत लिहिलं. आमच्या पुस्तकातला खंडोबाचा भाग त्यांच्याच वाटेनं चालतो, फक्त नजर मूर्तीऐवजी पिशवीवर ठेवून.

आता लमाण. लाकोटांशी खरी तुलना व्हायची तर इथं. लवण वाहणारे ते लमाण, अशी नावाची उपपत्ती देतात. मीठ आणि धान्य बैलांच्या पाठीवर घालून देशभर फिरणारे हे व्यापारी. सतराव्या शतकात ताव्हेर्निये या फ्रेंच प्रवाशानं दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचं लिहिलं आहे. मुक्कामी तांडा थांबला की गोणी उतरवून थप्पी लावत आणि ती थप्पीच त्यांचा तट होई. दख्खनच्या लढायांत फौजा पोसल्या त्या यांनी. 1803 च्या ऑगस्टमध्ये इंग्रज सेनापती वेलस्लीनं अहमदनगरचा किल्ला घेतला, त्या मोहिमेतल्या त्याच्या पत्रांत लमाणांच्या धान्याची काळजी पुन्हा पुन्हा येते. खर्ड्यालाही पोटापाण्याची तजवीज अशीच कुणाच्या तरी बैलांवरून झाली असणार.

गोण जाडीभरडी, कामाची. नक्षी आली ती घरच्या पिशवीवर, कोथळीवर. जाड कापडाचे थर एकत्र टाचून बळकट करायचे, मग त्यावर चौकटी, तिरके टाके, आरशाचे तुकडे, कडेनं कवड्या, टोकांना गोंडे. काम बाईचं, आणि वस्तूही बाईचीच. पार्फ्लेशसारखीच ही चालत्या माणसाची कला. भिंत नाही म्हणून भिंतीवर चित्र नाही. जे काढायचं ते बरोबर येणाऱ्या वस्तूवर काढायचं. तिकडे व्यापाऱ्याकडून व्हेनिस-बोहेमियाचे मणी आले, इकडे आरसा आला, समुद्राकाठची कवडी आली. परकी वस्तू दोघींनी अशी पचवली की आज ती त्यांची ओळख आहे.

आणि आघातही जवळपास एकाच काळातले. 1853 मध्ये बोरीबंदर-ठाणे आगगाडी सुटली. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत रुळांनी बैलांचा धंदा संपवला. 1871 चा गुन्हेगार जमातींचा कायदा आणि मागून झालेला त्याचा विस्तार यांनी फिरणं हाच गुन्हा ठरवला. तिकडे 1868 च्या फोर्ट लॅरॅमीच्या तहानं लाकोटांना राखीव मुलूख दिला, सोनं सापडल्यावर तो तह मोडला गेला, बायसनचे कोट्यवधींचे कळप शेकड्यांवर आले, आणि 29 डिसेंबर 1890 ला वुंडेड नी इथं शेकडो लाकोटा मारले गेले. तुलना फार ताणू नये. लमाणांवर वुंडेड नी गुदरलं नाही. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते आणि ती मला अजून उलगडलेली नाही. जगणं आखडलं तेव्हा टाका कमी व्हायला हवा होता. राखीव मुलखात कोंडलेल्या लाकोटा बायकांनी मात्र पूर्वीपेक्षा जास्त भरगच्च मणीकाम केलं, पिशवीची एक इंच जागा मोकळी सोडली नाही, आणि त्यात अमेरिकेचा झेंडासुद्धा विणला. ही शरणागती, की थट्टा, की झेंड्यातले रंग छान दिसले म्हणून? क्रोबरनं विचारलं असतं तर कदाचित तिन्ही उत्तरं मिळाली असती.

हा विषय आत्ता का, असं विचाराल तर कोल्हापुरीपासून सुरुवात करता येईल. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं. 2025 च्या जूनमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानच्या मंचावर तशाच चपला आणल्या, सुरुवातीला कोल्हापूरचं नाव न घेता. इकडे संताप उसळला आणि तो योग्यच होता. पण त्या संतापातही चप्पल कोल्हापूरची होती, महाराष्ट्राची होती. चांभाराची होती असं म्हणणारे आवाज थोडे होते. 2015 च्या गोवंश हत्याबंदीनंतर कातड्याचा पुरवठा कसा बदलला, ते काम करणाऱ्यांनी काय केलं, हेही अशा वेळी कुणी विचारत नाही. वस्तू कुणाची हा प्रश्न लाकोटांनी वेगळ्या तऱ्हेनं लढवला. अमेरिकेत 1990 मध्ये मूळ रहिवाशांच्या वस्तू परत करण्याचा कायदा झाला, आणि 2022 च्या नोव्हेंबरमध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका छोट्या संग्रहालयानं वुंडेड नीशी जोडलेल्या दीडशेच्या आसपास वस्तू त्यांना परत केल्या. आपल्याकडे परत कुणाला करायचं? काचेआडच्या वस्तूखाली ‘चामडी पिशवी, एकोणिसावं शतक’ एवढंच लिहिलेलं असतं.

निदान ती चिठ्ठी थोडी लांब व्हावी, एवढा या पुस्तकाचा आवाका. प्रत्येक वस्तूची मापं घेतली आहेत, टाका किंवा शिवण जवळून दाखवली आहे, आणि तिच्या भागांना ती वापरणारे लोक काय म्हणतात ते त्यांच्या तोंडच्या शब्दांत नोंदवलं आहे. मोटेचा नाडा वेगळा, सोंडेला बांधायचा सोंदूर वेगळा, पाणी पडतं ते थारोळं, बैल उतरतात ती धाव. हे शब्द आज सत्तरीच्या पुढच्या माणसांकडेच सापडतात, आणि तालुका बदलला की बदलतात. अर्थ विचारताना आम्ही एक नियम पाळला. एका नक्षीबद्दल किमान दोघींना विचारायचं, आणि उत्तरं जुळली नाहीत तर दोन्ही छापायची. पुस्तकात त्यामुळे परस्परविरोधी विधानं भरपूर आहेत. ती मुद्रणदोष समजू नयेत. फक्त कातड्यापुरतं राहावं की कापडही घ्यावं यावर आमच्यात बरीच वादावादी झाली. शेवटी दोन्ही घेतलं, कारण कातडं का नटलं नाही हे कापड समोर ठेवल्याशिवाय दिसत नाही. मढीच्या कानिफनाथाच्या यात्रेत भरणाऱ्या गाढवांच्या बाजारावर आणि तिथल्या गोणींवर स्वतंत्र लेख हवा होता, तो वेळेत झाला नाही. पुढच्या आवृत्तीत बघू.

एका छायाचित्राबद्दल सांगून थांबतो. एका तांड्यावर एका म्हाताऱ्या बाईनं आपली कोथळी दाखवायला काढली. आईनं लग्नात दिलेली. लाल कापड विटून विटकरी झालेलं, कवड्यांतल्या दोन-तीन गळून पडलेल्या आणि त्यांच्या जागी शर्टाची बटणं शिवलेली, पांढरी, चार भोकांची. आम्ही मापं घेतली, टाके मोजले, उजेडात धरून फोटो काढले. मग आमच्यातल्या एकानं पिशवीचं तोंड उघडायला हात पुढं केला. तिनं पिशवी ओढून मांडीवर घेतली.

“बाहिरनं काय काढायचं ते काढा. आत माझं हाय.”

काय आहे, ते आम्ही विचारलं नाही. छापलेल्या फोटोत कोथळी मिटलेली आहे, आणि खालच्या कोपऱ्यात गोंड्यावर तिचा अंगठा आला आहे.